उतरते सेल

कॅसेट अक्काताई नष्ट्यांची.
वर बॉलपेनानं: अव्वा. मिरचीचं गोडाऊन. ७९.
पेन्सिल घालून फीत ताणून घेतली
तेव्हा गाळाभर बुरशीचा वास.

मला हे काम येत नव्हतं.
मी संकेश्वरच्या स्टँडमागं मोबाइलच्या काचा बदलते.
"तुला येतंय की ग," अक्काताई म्हणाल्या,
आणि पिशवीतनं आधी ढबू मिरच्या काढल्या, मग कॅसेट.

पहिल्या रात्री खरखर काढली.
सोपं असतं. कुणी गात नाही असा तुकडा निवडायचा,
यंत्राला सांगायचं, हा केर,
असा दिसेल तिथनं झाडून टाक.
यंत्रानं झाडलं.
निलव्वाचा श्वास झाडला,
ओळीच्या टोकाचा 'स' झाडला,
बाई हिरण्यकेशीच्या डोहात
तोंड बुडवून गायला लागली.
घाबरून सगळं मागं घेतलं.
खरखर आली,
तिचा हात धरून बाई आली.

दुसऱ्या रात्री खोकले मोजले. एकवीस.
देठं खुडणाऱ्या बायकांचे,
गाणं ऐकतानाही ज्यांचे हात थांबले नसणार.
एकेक कापत गेले. तेराव्यावर थांबले,
कारण त्याच्या पोटात कुणी म्हणत होतं,
"तडी, तडी, पोरगी निजलीया."
अर्धं कानडी, अर्धं मराठी,
टाका कुठं घातलाय दिसत नाही.
कात्री कुठल्या बाजूनं लावायची?

तिसऱ्या रात्री कळलं, बाई चढते.
सुरुवात पांढरी पाचमध्ये,
शेवटच्या कडव्याला काळी चारच्याही वर.
रंगात आली असेल, म्हटलं.
पण पेटीही चढत होती.
पेटी कशी चढेल?
तिला काय रंग, काय गळा.

आमच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करायचे ते बाबू हत्तरकी
चहा बशीत ओतत म्हणाले,
"लाइट नसणार. सेलवर केलंय.
सेल उतरत गेले, फीत हळू हळू फिरत गेली.
आता नीट वेगानं लावलीस, तर सूर वर जाणारच की."

म्हणजे बाई जाग्यावरच होती.
यंत्रच दमत गेलं होतं.

चार दिवस लागले. कडवं कडवं ओढून
पेटी पांढरी पाचवर आणून बसवली.
तीन गिऱ्हाइकं फुटक्या काचा घेऊन परत गेली.
मला फार अभिमान वाटला, तो लपवत
मी अक्काताईंच्या पदरावरनं हेडफोन चढवला.

"अव्वाच," म्हणाल्या.
मग बराच वेळ काही नाही.
"असाच जड आवाज असंल. मला कुठं आठवतंय.
ती गेली तवा मी बालवाडीत.
गाणं मी कॅसेटकडनं शिकले."

आणि गायल्या, तिथंच, चार्जरच्या वायरींखाली,
गिऱ्हाईक ऐकंल म्हणून दबत.
पहिलं कडवं पांढरी पाच.
दुसरं जरा वर.
तिसऱ्यात आणखी.
त्या रात्रीच्या चार सेलांचं मरण
मापानं, तसंच्या तसं, गळ्यात.
आणि मधे मधे थांबत होत्या, कारण नसताना.
मी स्क्रीनकडं बघत होते म्हणून समजलं:
मी खोकले कापले होते
त्याच जागा.

"चूक हाय काय ग माझं?"

काय सांगू.
काचांचं काम बरं असतं,
जुनी काढली की कुणी तिला विचारत नाही.

पुन्हा कॅसेट लावली, काही न झाडता उतरवली.
दोन फाइली दिल्या, एक सरळ, एक चढती,
चढतीत एकवीसच्या एकवीस खोकले.
"नावं काय घालू?"
"एकीला अव्वा घाल."
"आणि दुसरीला?"
"दुसरीलाबी अव्वाच की."

यंत्र एका नावाच्या दोघी ठेवून घेत नाही.
म्हणून एकीच्या पुढं
मी एक टिंब दिलं.